पहिलीच्या वर्गात घटसर्प

हजेरी घेताना सुलक्षणाबाईंनी धाकूचं नाव पुकारलं आणि मागच्या पट्टीवरून एक मुलगी सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तो मेला, बाई. काल."

वर्गात कोणी रडलं नाही. सहा वर्षांच्या मुलांना मेला म्हणजे नक्की काय झालं ते ठाऊक नसतं. सुलक्षणाबाईंनी पेन खाली ठेवलं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी एका लहानशा शिक्षण मंडळाची ती प्राथमिक शाळा. निम्मी मुलं कोळ्यांची, निम्मी आसपासच्या चाळींतल्या कोकणी माणसांची. सुलक्षणा तावडे त्या चाळींपैकीच एकीत राहायच्या. नवरा जयवंत गिरणीच्या संपात सापडला होता आणि आता अंधेरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. घरात सासू आणि पाच वर्षांची मुलगी जानकी.

पहिलीचा वर्ग कोणालाच नको असायचा, सुलक्षणाबाई मागून घ्यायच्या. पाटीवर अक्षर गिरवताना त्या मुलाच्या मागे बसायच्या, त्याचा हात हातात धरून, गालाला गाल लागेल इतक्या जवळून. वाहणारं नाक आपल्या पदराने पुसायच्या. बाराखडी म्हणायला लागल्या की आवाज पार जेटीपर्यंत जायचा. मुलं त्यांना चिकटून असायची, आणि त्यांनाही ते आवडायचं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या धाकूच्या घरी गेल्या. दारात बायका बसल्या होत्या. धाकूची आई शेवंती आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने वळून पाहिलं नाही. शेजारणीनेच सांगितलं.

"घसा सुजलेला, बाय. मान अशी झाल्ती," तिने दोन्ही हात गळ्यापाशी फुगवून दाखवले. "इकडच्या डाक्टरने टानसिल सांगितला. इस्पितळात नेला तवर श्वासच घेववेना त्याला."

"इस्पितळात काय म्हणाले?"

"घटसर्प म्हणले."

हा शब्द सुलक्षणाबाईंनी लहानपणी गावी ऐकला होता. वरच्या वाडीतल्या एका घरातली दोन भावंडं एका आठवड्यात गेली होती, आणि त्या घरावरून जाताना मोठी माणसं मुलांची तोंडं पदराने झाकायची. तो रोग आता राहिला नाही, असं त्या समजून चालल्या होत्या.

शाळेत परतताना त्यांना एकच दृश्य दिसत होतं. पाण्याचा माठ, त्यावर साखळीने बांधलेला एकच पेला, आणि त्या पेल्याला तोंड लावणारी सगळी शाळा.

मुख्याध्यापक श्यामकांत सर डबा उघडून बसले होते. त्यांनी ऐकलं, डबा तसाच बंद केला आणि पालिकेच्या आरोग्य खात्याला फोन लावायला बसले. शाळेतला फोन एरवी कुलपात असायचा.

"उद्या सकाळी डॉक्टर येतायत," फोन ठेवून ते म्हणाले. "तोवर कोणाला काही बोलू नका. घबराट होईल."

"उद्यापर्यंत थांबायचं, सर?"

"मग काय करू मी? सांगा ना. मी काय करू?" ते चिडून बोलले नव्हते. खरंच विचारत होते.

सुलक्षणाबाई वर्गात गेल्या. उन्हाचा कवडसा दारात पडला होता. त्यांनी मुलांना एकेक करून त्या उन्हात उभं केलं आणि "आ करा" म्हणून सांगितलं. मुलांना गंमत वाटली. एकमेकांच्या घशात तीही डोकावायला लागली, तेव्हा बाई त्यांच्यावर अशा ओरडल्या की मुलं भिंतीला जाऊन टेकली. बाईंचा तसा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

घसा बघायचा म्हणजे काय बघायचं, हेही त्यांना धड माहीत नव्हतं. लाल घसे होते, पिवळे दात होते, गोळीचा रंग लागलेल्या जिभा होत्या. मग कमळ आली. धाकूच्या शेजारी बसणारी, बडबडी पोर. त्या दिवशी सकाळपासून ती गप्प होती हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

"बाई, मना गिळवत नाय," ती म्हणाली.

तिने तोंड उघडलं. आधी वास आला, काहीतरी कुजल्यासारखा. मग घशाच्या उजव्या बाजूला राखाडी पांढरा पापुद्रा दिसला, भिजलेल्या कातड्यासारखा. बाईंनी तिला उचललं आणि तशाच बाहेर पडल्या.

कमळची आई मथुरा किनाऱ्यावर होती. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगत होती. लेकीला बाईंच्या खांद्यावर पाहून तिने हातातला बोंबील खाली टाकला.

"काय झायला?"

"इस्पितळात न्यायचंय. आत्ता. असेल तशी चल."

"तापच हाय ना? सकाळी जरा कणकण व्हती..."

"मथुरा, धाकूला जे झालं होतं ते आहे."

मथुराचा नवरा बोटीवर होता, समुद्रात. हात वाळूत पुसत ती निघाली.

साथीच्या रोगांचं इस्पितळ पार शहरात. टॅक्सीत कमळ बाईंच्या मांडीवर होती, तोंड त्यांच्या गळ्यापाशी. प्रत्येक श्वासाला घरघर व्हायची, आणि दोन श्वासांमध्ये जे अंतर पडायचं त्यात दोघी बायका आपापला श्वास धरून बसायच्या. माहीमच्या पुढे गाड्या अडल्या होत्या. मथुरा दार उघडून उतरायला निघाली, पळत जाते म्हणाली. टॅक्सीवाल्याने तिला बसवलं आणि चौकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

इस्पितळात कमळला लगेच आत नेलं. विष उतरवणारं इंजेक्शन द्यायचं होतं. एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आज आणलंत ते बरं केलंत. पण आत्ताच काही विचारू नका. या रोगाचं विष हृदयावर जातं. घसा मोकळा झाला तरी दोन-तीन आठवडे भरवसा देता येत नाही."

मथुरा जिन्यापाशी खाली बसली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाई आल्या. नाव रुक्मिणी पै. ठेंगण्या, तोडून बोलणाऱ्या. त्यांनी आधी तो साखळीचा पेला काढायला लावला. मग वर्गांत फिरल्या आणि एका मुलीला पाटीवर थुंकून तळहाताने पुसताना पाहून थबकल्या.

"सगळे असंच करतात?"

"लहान आहेत," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा हात आठवला, त्याच पाट्यांवर फिरणारा.

श्यामकांत सरांना शाळा बंद करायची होती. डॉक्टरबाईंनी मान हलवली. "बंद केलीत की ही मुलं गावी पाठवतील लोक, खाडीपलीकडे मढला मामाकडे पाठवतील. मग मी कुठे शोधू? पहिलीचा वर्ग घरी राहील, पण मला रोज घराघरात दिसला पाहिजे. बाकीची मुलं रोज फाटकात घसा दाखवून आत येतील. ताप आला, घसा दुखला, की तिथूनच परत. शिक्षकांचेही घसे तपासायचे. तुमचासुद्धा, सर."

सगळ्यांच्या घशात कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. शिपायापासून सरांपर्यंत. मुलांना लस टोचली, मोठ्यांना घरी पाळायच्या गोष्टी सांगितल्या. वर्ग फिनेलने धुऊन काढले. तो वास पुढे कित्येक दिवस शाळेच्या भिंतींना होता, आणि गावातली माणसं शाळेवरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालायला लागली.

डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं. लस टोचायच्या दिवशी पहिलीतली काही मुलं फेरीबोटीने मढला पोचली होती. सुलक्षणाबाई घरोघर फिरल्या. कुठे दार उघडलं नाही. कुठे देवीला नवस बोललाय म्हणून सांगितलं. एका म्हातारीने तोंडावर विचारलं, "शाळेत घातला नसता तर धाकू जगला असता का नाय, सांग." तरी बाई मढला गेल्या आणि मुलांना घेऊन परत आल्या. त्यांच्या मनात तेव्हा एकच होतं, आणखी एखाद्या घशात तो पापुद्रा दिसता कामा नये.

दुसरीतल्या एका मुलाच्या घशात तो दिसला. अगदी सुरुवातीला, फाटकातच. तो वाचला.

नमुन्यांचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः आल्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत, सरांच्या समोरच, त्यांनी सुलक्षणाबाईंना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमचा घसा दुखतोय?"

"नाही."

"ताप? काहीच नाही?"

"काहीच नाही. का?"

"तुमच्या घशात घटसर्पाचे जंतू निघालेत. तुम्हाला तो झालेला नाही, होणारही नाही बहुधा. पण तुम्ही तो बाळगून आहात. तुमच्याकडून दुसऱ्याला होऊ शकतो."

सुलक्षणाबाईंनी नकळत तोंडावर पदर धरला. मग त्यांना तो पदर आठवला, किती नाकं पुसलेला. त्यांनी तो सोडला. आता हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत."

"म्हणजे धाकूला माझ्याकडून..."

"ते कोणालाच सांगता येणार नाही. त्या मुलाकडून तुम्हाला लागण झाली असेल. टॅक्सीत त्या मुलीकडून झाली असेल. किंवा तुमच्या घशात आधीपासून असेल. जंतूंवर नाव लिहिलेलं नसतं, बाई." डॉक्टरबाई थोड्या थांबल्या. "घरी लहान मूल आहे?"

तोवर सुलक्षणाबाईंच्या मनात धाकूच होता. आता जानकी आली, आणि त्या खुर्चीतून उठून दाराकडे निघाल्या. श्यामकांत सरांनी त्यांना थांबवलं.

"बाहेर आपण सासूबाई आजारी आहेत म्हणून सांगू," ते हळू आवाजात म्हणाले. "रजा टाका. हे या खोलीबाहेर गेलं तर लोक शाळा जाळतील."

बाईंनी मान डोलावली. त्या वेळी त्यांना काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावलीच असती.

घरी येऊन त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. जानकी धावत आली. "तिथेच थांब," त्या ओरडल्या. पोर जागच्या जागी थिजली. सासूबाई बाहेर आल्या.

"काय झालां गो? पोराक कित्याक ओरडतंस?"

बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. म्हातारीला जंतूबिंतू कळले नाहीत, पण सुनेच्या चेहऱ्यावरून जे कळायचं ते कळलं. तिने नातीला मागे ओढलं आणि आपल्या अंगाशी धरून ठेवलं. म्हणाली, "तू पोटमाळ्यार ऱ्हव. जेवाण मी वर देतंय. ह्येका मी बघतंय."

जयवंतने संध्याकाळी जानकीला आणि आईला नमुने द्यायला नेलं, स्वतःचाही दिला. निकाल यायचा होता तोवर सुलक्षणाबाई पोटमाळ्यावर होत्या, गोळ्या घेत, ताट वेगळं, पेला वेगळा. खालून जानकीचा आवाज यायचा. ती खोकली की त्या शिडीशी येऊन बसायच्या. ती गप्प असली तर जास्त भीती वाटायची. "तिला काहीतरी बोलायला लाव," त्या वरून जयवंतला सांगायच्या, "तिचा आवाज बदललाय का बघ." आणि जयवंत, ज्याला कधी गोष्ट सांगता येत नव्हती, तो पोरीला कारखान्यातल्या यंत्रांच्या गोष्टी सांगत बसायचा.

मध्येच धाकूचा चेहरा यायचा. 'ध' त्याला काही केल्या जमत नसे, आणि त्याच्याच नावातलं पहिलं अक्षर म्हणून बाई हट्टाने त्याचा हात धरून गिरवून घ्यायच्या. त्याच्या तोंडापासून आपलं तोंड किती अंतरावर होतं, याचा हिशेब त्या मनात करायच्या, आणि तो दर वेळी वेगळा यायचा.

जानकीचा घसा स्वच्छ निघाला. सासूबाईंचा आणि जयवंतचाही. त्या दिवशी सुलक्षणाबाई पहिल्यांदा रडल्या, वर, पोटमाळ्यावरच.

मग एक दिवस दुपारी मथुरा आली.

कमळ अजून इस्पितळात होती, पण बोलायला लागली होती. मथुरा चाळीच्या जिन्यावरूनच हाक मारत आली. हातात पाटीभर मासळी. म्हावरं आपल्या हाताने साफ करून आणलं होतं. सासूबाई जानकीला घेऊन बाहेर गेल्या होत्या. सुलक्षणाबाई शिडी उतरून खाली आल्या आणि खोलीच्या मागच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"बाय, तुमी नसत्या तर माजी पोर..." मथुरा चप्पल काढून आत यायला लागली. बाईंच्या पाया पडायचं तिच्या मनात होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. सासूबाई आजारी आहेत म्हणून सांगायचं, सरांनी सांगितलं तसं. पण ती जवळ येत होती.

"तिथेच थांब, मथुरा. आत येऊ नकोस."

"का?"

"माझ्या घशात तेच निघालंय. मी आजारी नाही. पण माझ्याकडून दुसऱ्याला होऊ शकतं. म्हणून मी घरी आहे."

मथुरा दारात उभी राहिली. तिला समजायला वेळ लागला आणि समजलं तसा तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मंग माजे कमळला... तुमच्याकडनं?"

"माहीत नाही."

"धाकूला?"

"माहीत नाही गं. डॉक्टरांनाही माहीत नाही. मी खूप विचारलं."

मथुराने मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली, घरात नाही. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज आला, मग तोही थांबला. खाली ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी साऱ्या कोळीवाड्याला कळलं होतं. श्यामकांत सर भेदरून चाळीत आले. फाटकात माणसं जमली होती, म्हणाले. तुम्हाला कायमचं काढा म्हणतायत. तुम्ही का सांगितलंत?

"ती जवळ येत होती, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी डॉक्टर पैंनी शाळेच्या अंगणात लोकांना बोलावलं. त्या गोड बोलल्या नाहीत. म्हणाल्या, की या गर्दीतल्या कोणाच्याही घशात तो जंतू असू शकतो, आणि मुलांना लहानपणी लस टोचली असती तर हा दिवस आला नसता. बाईंनी स्वतःहून सांगितलं, तुमच्यात असं सांगणारा कोण आहे ते मला दाखवा, असंही म्हणाल्या. सगळ्यांना पटलं असं नाही. पहिलीतल्या काही मुलांचे दाखले त्याच आठवड्यात काढले गेले.

गोळ्या संपल्यावर सुलक्षणाबाईंचा घसा पुन्हा तपासला, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा स्वच्छ. डॉक्टरबाईंनी शाळेत जायची परवानगी दिली. जयवंत म्हणाला, दुसरीकडे बघ नोकरी. शाळेत जायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सुनेच्या हातावर दही ठेवलं.

वर्गात निम्म्या पट्ट्या रिकाम्या होत्या. प्रत्येक मुलाजवळ घरून आणलेला पेला होता आणि पाटी पुसायला ओलं फडकं. बाई टेबलाच्या मागे उभ्या राहिल्या. बाराखडी सुरू केली, पण आवाज वर निघेना. तोंडातून वारा बाहेर पडतोय, तो पुढच्या मुलांवर जातोय, एवढंच त्यांना जाणवत होतं. त्या भिंतीकडे तोंड करून शिकवायला लागल्या.

कमळ नाताळानंतर आली. तिला पळायची बंदी होती, जिना चढायचीही. मथुरा तिला कडेवरून घेऊन आली, पट्टीवर बसवलं, आणि मग घरी न जाता वर्गाच्या दारातच बसली. मथुरा दिवसभर तिथे बसून राहिली, बाईंवर नजर ठेवून. कमळने हात वर केला की तिची मान ताठ व्हायची. बाई दोन हात अंतरावरून उत्तर द्यायच्या. तो दिवस त्यांना फार जड गेला. पण दुसऱ्या दिवशी मथुरा कमळला दारात सोडून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ती धावली तर ओरडा, बाय. माजं ऐकत नाय ती."

त्यानंतर गावात कोणाला घटसर्प झाला नाही. कमळचं हृदय शाबूत राहिलं. पुढे ती चौथी पास होऊन मोठ्या शाळेत गेली.

सुलक्षणाबाईंनी आणखी खूप वर्षं पहिलीचाच वर्ग शिकवला. मुलांचा हात धरून गिरवणं त्यांना पुन्हा जमायला बराच काळ जावा लागला, आणि जमलं तेव्हाही त्या तोंड बाजूला वळवून गिरवून घ्यायच्या. साधा खोकला झाला तरी शाळेत जात नसत. नव्या शिक्षिका हसायच्या. त्या हसू द्यायच्या.

शेवंतीचा धाकटा मुलगा, धाकूचा भाऊ, पहिलीत आला तेव्हा शाळेत दोन तुकड्या झाल्या होत्या. शेवंती श्यामकांत सरांकडे गेली आणि मुलाला दुसऱ्या तुकडीत घाला म्हणाली. कारण सांगितलं नाही. सरांनी सुलक्षणाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घाला. वर्षभर तो मुलगा शेजारच्या वर्गात बसला. त्याचा बाराखडीचा आवाज भिंतीपलीकडून त्यांना ऐकू यायचा.